रिकामी सोडलेली दोरी

आमच्या शाळेच्या फाटकावर एक फ्लेक्स लावलाय. त्याचा एक कोपरा फाटून लोंबतोय, पण उतरवायला कुणी तयार नाही. संस्थेचे कार्याध्यक्ष, ज्यांना शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे 'भाऊ' म्हणतात, ते त्यात धनुष्य ताणून उभे आहेत. कपाळावर टिळा, गळ्यात हार, एक डोळा बारीक केलेला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'नव्या पिढीला धनुर्विद्येचे धडे'. मी आठवड्यातून दोनदा त्या फाटकातून आत जाते आणि दोन्ही वेळेला मला शिसारी येते. बोलायचं म्हणून बोलत नाही, खरंच तोंडात आंबट पाणी सुटतं. कारण त्या धनुष्यावर बाणच नाही. दोरी पार कानापर्यंत ओढलेली आणि बाणाचा पत्ता नाही! पाचवीतली पोरंसुद्धा खालून जाताना म्हणतात, "बाई, भाऊ काय मारतायत? हवा?"

तुम्ही म्हणाल, हसून सोडून द्या की. दिलंही असतं. पण तो फोटो निघाल्यावर पुढच्या क्षणाला काय झालं ते मी पाहिलंय, आणि मी तिथे उभी राहून काय केलं तेही मलाच माहीत आहे. म्हणून लिहायला बसले.

मी मूळची शिवणाची बाई. तिरंदाजीशी माझा संबंध काय, तर काहीच नाही. झालं असं की आमचे खेळाचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच नाही, आणि त्यांचे तास ज्याच्या-त्याच्या गळ्यात पडले. त्याच सुमारास कुठल्याशा योजनेतून शाळेला धनुष्यांची खोकी आली होती. वर्षभर ती प्रयोगशाळेत पडून होती, वर सांगाड्याचा हात ठेवलेला. मुख्याध्यापक एक दिवस म्हणाले, "बाई, तुम्ही या वयात सुईत दोरा ओवता. तुमच्याइतका स्थिर हात शाळेत कुणाचा नाही. हे तुम्हीच घ्या." झालं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकले. स्वयंपाक करता करता फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि पोळी लाटता लाटता कोपर कुठे ठेवायचं ते बघायचं. अर्ध्या पोळ्या करपल्या. मग ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले, त्यांनी तरुणपणी ही विद्या केलेली. ते चार शनिवार आले आणि माझ्या साऱ्या चुका झाडून काढल्या. पोरं त्यांना 'ओझरचे काका' म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले. आता मी निवृत्त झाले तरी मंगळवार-शुक्रवार जातेच. दुसरं कुणी घेत नाही ना.

माझी शिकवायची पद्धत सांगते. पहिला महिनाभर बाण नाही. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून देते, त्या ओढायच्या. पाय कसे, खांदा कसा, श्वास कुठे धरायचा. पोरं कुरकुरतात, "बाई, अ‍ॅरो कधी देणार?" देईन म्हणते. मैदानावर चुन्याची रेषा. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की मारायचं, तीन झाल्या की सगळ्यांनी मिळून बाण आणायला जायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. कधीच नाही. बाण असला की दोरीचा सगळा जोर त्याच्याबरोबर निघून जातो. नसला की तो जोर उलटा लाकडात शिरतो आणि लाकूड फाटतं. माझ्या शिवणाच्या मुलींना मी सांगते, धागा ओवलेला असताना कापड न घालता मशीन चालवलं तर खाली काय जाळं होतं? तसं. जो कुणी रिकामी दोरी सोडेल तो तिरंदाजीचे पुढचे दोन तास पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसणार, नुसतं बघणार. त्यात माफी नाही. शिपाईमामांच्या नातवालाही बसवलंय.

आणि त्या मुलीलाही बसवलंय, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय.

आठवीतली मुलगी. वडील सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनवर. मूळ गाव पेठकडे, आदिवासी पट्ट्यातलं. हे कळलं की आमच्या शिक्षकांच्या खोलीत ठरलेलं वाक्य यायचं, "पेठची ना? मग काय, रक्तातच असतं यांच्या." मला या वाक्याची इतकी घाण वाटते! पोरीनं वर्षभर रबर ओढून ओढून बोटांना घट्टे पाडून घेतले, आणि श्रेय कुणाला, तर रक्ताला. तिच्या वडिलांना मी एकदा हसत विचारलं, तर ते म्हणाले, "म्याडम, मी धनुष्य बघितलं ते जत्रेत. प्लॅस्टिकचं. दुसऱ्या दिवशी मोडलं."

ती डावखुरी. पण नुसता हात नाही, नजरही डावी. ते कसं कळतं, तर दोन्ही हात लांब करून पंज्यांच्या मध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो नेमाचा डोळा. तिचा डावा. शाळेतली सगळी धनुष्यं उजव्यांची, मूठच तशी कापलेली. वर्षभर ती उलट्या हातानं धडपडली. मग ओझरच्या काकांनी एक दिवस पिशवीत गुंडाळून धनुष्य आणलं. त्यांची मुलगी डावखुरी होती, लग्न होऊन गेली, तेव्हापासून ते कपाटावर होतं. "वापरू दे हिला," म्हणाले, आणि शाळेच्या साठा नोंदवहीत चढवूनही दिलं. पोरीनं ते हातात घेतलं, पहिलाच बाण मधल्या पिवळ्या गोलात. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, हे माझंच हाय जणू." त्यानंतर धनुष्याच्या मुठीला चिंधी तीच बांधायची, दोरीला मेण तीच लावायची, आणि तास संपला की दोरी उतरवून ठेवायची. चढवलेलं धनुष्य सारखं ताणात राहतं, थकतं. हे पाचवीच्या पोरांनाही माहीत असतं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी जिल्ह्याची निवड होती. तिच्या वयोगटातून चार मुली घेणार. पुढच्या वर्षी ती वरच्या गटात जाणार, तिथे अंतर वाढतं, मुली मोठ्या. आणि घरी वडिलांनी सांगून ठेवलेलं, "निवड झाली तर चालू ठेव. नाही तर नववीपासून खेळबिळ बंद, क्लास लाव." म्हणजे जे काही होतं ते त्या एका शनिवारवर होतं. तिचे बाण मी मोजत होते, पहिल्या दोघींत आली असती.

आणि मग आली खंडेनवमी.

आता मी पूजेच्या विरुद्ध नाही हं. आमच्या सातपुरात त्या दिवशी एकेका यंत्राला झेंडूचा हार असतो, लेथ मशीनच्या माथ्यावर लिंबू असतं. मी स्वतः माझ्या शिवणयंत्राला आणि कात्रीला हळदकुंकू वाहते. शाळेतही कॉम्प्युटर, सूक्ष्मदर्शक, ढोल, सगळ्यांची पूजा होते. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं, खरी शस्त्रं म्हणजे धनुष्यं, ती मध्ये मांडा. भाऊ येणार आहेत.

मी सकाळी धनुष्यं दोऱ्या उतरवून टेबलावर मांडली. मुख्याध्यापक आले, तोंड वाकडं केलं. "बाई, ह्या तर नुसत्या काठ्या दिसतात की हो! चढवून ठेवा."

"सर, इतका वेळ चढवून ठेवत नाहीत."

"अहो, दहा वाजता भाऊ येतील, सव्वादहाला उतरवा."

चढवली. भाऊ आले पावणेदोनला. तोवर टेबल उन्हात. जी धनुष्यं मी तासाव्यतिरिक्त उन्हात राहू देत नाही ती चार तास ताणलेली, तापलेली. मध्येच शिपाईमामांनी चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल चोळलं, मुठींनासुद्धा. वर हळद, कुंकवाचं पाणी, तांदूळ. तीन नारळ तिथेच फोडले, त्याचं पाणी दोऱ्यांवर. पेढ्यांना मुंग्या लागल्या आणि त्या मुंग्या धनुष्यावरून ये-जा करू लागल्या. मी हात लावला तर बोटं चिकटली. तेल, कुंकू आणि साखर यांचा तो चिकटा मला अजून बोटांवर जाणवतो. पूजा म्हणजे वस्तूची काळजी घेणं ना? हे काय होतं?

भाऊ आले, भाषण केलं, पुराणं झाली, सगळं झालं. मग फोटोवाला म्हणाला, "भाऊ, एक धनुष्य हातात घेऊन होऊन जाऊ द्या!" भाऊंनी पेढ्याचं तूप रुमालाला न पुसता मधलं धनुष्य उचललं. मधलं म्हणजे तिचं. ते सगळ्यांत देखणं होतं म्हणून मधे ठेवलेलं. डावखुऱ्याचं धनुष्य उजव्यासारखं धरलं आणि ओढलं. फोटोवाला म्हणतोय, "अजून भाऊ, अजून मागं... वा!" फोटो निघाला.

आता एवढं ओढल्यावर दोरी हळू हळू परत आणायची असते. मुलं रेषेत उभी होती, तीसेक असतील. भाऊंची बोटं सुटायला लागली ते त्यांना दिसलं, आणि सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. भाऊंकडे नाही, माझ्याकडे. मुलं वाट बघत होती. अशा वेळी मी कशी ओरडते ते त्यांना पाठ आहे, "ए! सोडू नकोस!" माझा आवाज रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला ऐकू जातो.

आवाज निघालाच नाही. भाऊंनी खट्कन दोरी सोडली आणि हसले. "वा, आवाज छान येतो की!" म्हणाले, आणि पुन्हा ओढली. आणि मी हसले. सांगायलाही किळस वाटते, पण मी हसले, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा माझेही दोन तळवे एकमेकांवर आपटले.

दुसऱ्यांदा सोडली तेव्हा सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. धनुष्याचा वरचा दांडा उभा चिरला, चीर पार मुठीपर्यंत. भाऊ दचकले. "अरे, कच्चंच आहे की हे! मुलांना असलं देता?" म्हणाले, आणि धनुष्य टेबलावर टाकून हात धुवायला गेले.

मुलगी रेषेतून हलली नाही. रडलीही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

तासाभरात मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. कागद टाइप करून तयार. 'सदर धनुष्य विद्यार्थ्यांच्या सरावादरम्यान तुटले.' मी म्हटलं, "सर, हे खरं नाही."

"खरंखोटं कुठे बघता बाई? साठा नोंदवहीत लिहायला काहीतरी कारण लागतं. भाऊंचं नाव लिहू? तुम्ही निवृत्त माणूस, प्रेमानं येता. तुम्हाला कशाला कटकट?"

"पण निवड परवा आहे. त्या पोरीनं काय करायचं?"

"उजव्या हातानं मार म्हणावं. रक्तातच आहे तिच्या."

मी सही केली. कंटाळले होते, पाय दुखत होते, घरी जायचं होतं, ही कारणं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितली. खरं कारण एवढंच की मला भीती वाटली, मंगळवार-शुक्रवारचं येणं बंद करतील.

दसऱ्याच्या दिवशी चिरलेलं धनुष्य घेऊन बसनं ओझरला गेले. काकांना सोनं दिलं आणि मग पिशवी उघडली. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला. "रिकामी सोडली."

"हो."

"पोरांनी?"

"नाही. पाहुण्यांनी."

त्यांनी पिशवीत धनुष्य परत घातलं, पिशवीची गाठ मारली. मग म्हणाले, "ताई, तुम्ही कुठे होतात?"

मी म्हटलं, तिथेच होते. दुसरं डाव्या हाताचं धनुष्य मिळेल का विचारायला गेले होते, पण ते विचारायला तोंड उरलं नाही. तरी त्यांनी आपणहून दोन-तीन फोन केले. मिळालं नाही.

शनिवारी ती उजव्यांचं धनुष्य घेऊन उभी राहिली. तिचे बाण एकमेकांना खेटून लागत होते, फक्त सगळे डावीकडे. नेम डाव्या डोळ्याचा आणि हात उजवा, दुसरं काय होणार! तिसऱ्या फेरीनंतर मला सुचलं, माझा रुमाल तिच्या डाव्या डोळ्यावर बांधला. बाजूची पोरं फिदीफिदी हसली, "काय गं, डोळे आले का?" तिनं लक्ष दिलं नाही. शेवटच्या फेऱ्यांत बाण हळूहळू मध्यावर सरकू लागले. पाचवी आली. चार घेणार होते.

परतताना रिक्षात तिनं माझा रुमाल नीट घडी करून दिला.

मंगळवारी तासाला ती आलीच नाही. वर्गात जाऊन बघितलं तर बाकावर बसून गणितं करत होती. म्हटलं, "चल ना, दोन शिट्ट्या झाल्या."

"पप्पांनी बंद केलं. म्हणाले, दुसऱ्याची वस्तू मोडायची आणि वर हरून यायचं."

"तू मोडलीस? तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं. त्यांना खरं वाटलं नाय. ते विचारायला शाळेत आले, तर सरांनी कागद दाखवला." ती वहीकडेच बघत होती. "त्यावर तुमची सही हाय, बाई."

मी बाकाची कड धरून उभी राहिले.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी ओरडला का नाहीत?"

मी मैदानावर आले. मुलं रेषेवर उभी. मी शिट्टी नववीतल्या एका मुलीच्या हातात दिली, तिला म्हटलं तू घे तास, आणि पाण्याच्या टाकीच्या पायरीवर जाऊन बसले. पोरं कुजबुजायला लागली. एक चुणचुणीत मुलगा ओरडून म्हणाला, "बाई, तुम्ही काय केलं?" मी म्हटलं, "बाण मार." दहा मिनिटांत मुख्याध्यापक आलेच, त्यांच्या खिडकीतून टाकी दिसते.

"बाई, बरं नाही का? इथे का बसलात?"

"शिक्षा आहे, सर. दोन तास."

"कसली शिक्षा?"

"आमच्याकडे नियम आहे. रिकामी दोरी सोडली की दोन तास पायरीवर. मी सोडताना बघितली आणि गप्प बसले. वर खोट्या कागदावर सही केली. माझा गुन्हा जास्त आहे, पण नियमात दोनच तास आहेत." हे मी नेहमीच्या आवाजात म्हटलं. नेहमीच्या म्हणजे रिक्षावाल्याला ऐकू जाणाऱ्या.

त्यांनी उगीच विचारलं. विचारायला नको होतं. "कुणी सोडली रिकामी दोरी?"

तीस मुलांच्या माना फाटकाकडे वळल्या. फ्लेक्स आदल्या दिवशीच लागला होता. सर त्याच्याकडे बघत राहिले, मग घड्याळाकडे बघितलं आणि निघून गेले. मी घरी जाऊन दुसरा कागद लिहिला, काय झालं ते जसंच्या तसं, खाली सही. दुसऱ्या दिवशी त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो न वाचता खणात टाकला. खण बंद झाल्याचा आवाज आला आणि मला पुन्हा तेच आंबट पाणी तोंडात आलं. मी एक प्रत पिशवीत ठेवली होती.

ती घेऊन पाळी सुटायच्या वेळेला वर्कशॉपच्या दाराशी उभी राहिले. तिचे वडील हात चिंधीला पुसत बाहेर आले. मी कागद दिला, तर म्हणाले, "हात तेलकट हायेत, तुम्हीच वाचा." मग त्या रस्त्यावर, दुचाकी जात-येत असताना, मी माझा गुन्हा मोठ्यानं वाचून दाखवला. ते चिंधीनं एकच बोट पुसत होते.

"पोरीला मी काय काय बोललो, म्याडम," एवढंच म्हणाले, आणि मोटारसायकलला किक मारून गेले. मला वाटलं, बसा म्हणतील, सोडतो. तसं म्हणाले नाहीत. बरोबर केलं.

शुक्रवारी दोन शिट्ट्यांना मुलगी रेषेवर होती. हातात उजव्यांचं धनुष्य, खिशातून घरचा रुमाल काढून डाव्या डोळ्यावर बांधत होती. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "बाई, तुमचा एकच तास झालाय. एक राहिला."

"लक्षात आहे तुझ्या?"

"सगळ्यांच्या लक्षात हाय."

मी शिट्टी तिच्या गळ्यात घातली आणि पायरीवर जाऊन बसले. तिथून फ्लेक्सची मागची बाजू दिसते. ऊन पडलं की पलीकडचे भाऊ उलटे दिसतात, पुसट, दोरी ओढून उभे, अजून बाणाशिवाय. मी त्यांच्याकडे पाठ केली. पोरीनं रेषा तपासली, एकाला मागे ढकललं, आणि एक शिट्टी मारली.